हलकी बॅग, टिकाऊ कपडे: प्रवासासाठी कपडे निवडण्यापासून धुण्यापर्यंत

बॅग भरायला घेतली की पहिला प्रश्न मनात येतो, ‘किती दिवस जायचंय?’ आणि गणित तिथेच चुकतं. दहा दिवस म्हणून दहा जोड, वर ‘असू देत’ म्हणून आणखी दोन. विचारायला हवं ते असं, की कपडे किती दिवसांनी धुता येतील? दर चार दिवसांनी धुण्याची सोय असेल तर आठवड्याच्या प्रवासाला जेवढे कपडे लागतात तेवढेच महिन्याच्या प्रवासालाही पुरतात. हे एकदा पटलं की कापड कोणतं घ्यावं, रंग कोणते, बूट किती, हे पुढचे निर्णय बरेच सोपे होतात.

आता पर्यावरणाबद्दल. ‘प्रवासासाठी पर्यावरणपूरक कपडे’ शोधायला गेलात तर समोर येते ती खरेदीची यादी: नवा टी-शर्ट, नवी पँट, नवं जॅकेट. त्या यादीकडे शक्यतो दुर्लक्ष करा. कपडा तयार होताना जे पाणी, ऊर्जा आणि रसायनं खर्च व्हायची ती होऊन गेलेली असतात. तो जितका जास्त वापरला जाईल तितका तो खर्च वसूल होतो. ब्रिटनमधल्या ‘रॅप’ या संस्थेने २०१२ साली मांडलेल्या हिशोबानुसार कपड्यांचं वापरातलं आयुष्य नऊ महिन्यांनी वाढलं तर त्यांचा कार्बन, पाणी आणि कचऱ्याचा भार प्रत्येकी २० ते ३० टक्क्यांनी कमी होतो. म्हणून या लेखातली पद्धत तुमच्या कपाटापासून सुरू होते. दुकानाचा विषय शेवटाकडे येईल, तोही गरज उरलीच तर.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. लांबचा विमानप्रवास करणार असाल तर त्या प्रवासातलं बहुतेक उत्सर्जन विमानाचंच असतं. बॅगेतले दोन किलो कमी केल्याने ते धुऊन निघत नाही, आणि कोणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. हलक्या बॅगेचा उपयोग पुढे दिसतो: स्टेशनवरून चालत जाता येतं, गाडी ठरवावी न लागता बसमध्ये चढता येतं, जिने चढायचा कंटाळा येत नाही.

आधी कागद घ्या

कपाट उघडण्यापूर्वी चार गोष्टी लिहून काढा.

पहिली, हवामान. दिवसाचं कमाल तापमान पाहून कपडे ठरवू नका. रात्रीचं किमान तापमान, वारा आणि पावसाची शक्यता पाहा. दुपारी २४ अंश आणि पहाटे ९ अंश असलेल्या गावात ‘हवा छान आहे’ असं समजून गेलेला माणूस पहिल्याच संध्याकाळी स्वेटर विकत घेतो. दमटपणाही नोंदवा, कारण कपडे किती वेळात वाळतील हे त्यावर ठरतं.

दुसरी, धुण्याचे दिवस. प्रवासाच्या आराखड्यात ज्या मुक्कामी सलग दोन रात्री आहेत तिथे खूण करा. एका रात्रीच्या मुक्कामात धुतलेले कपडे सकाळपर्यंत वाळतीलच असं नाही. दोन रात्री असल्या तर प्रश्न नसतो. दोन खुणांमधलं सगळ्यात मोठं अंतर किती दिवसांचं आहे ते मोजा. तो आकडा महत्त्वाचा आहे.

तिसरी, खास प्रसंग. एखादी बैठक, समारंभ, डोंगर चढणं, पोहणं, किंवा अंग झाकूनच जावं लागेल अशी प्रार्थनास्थळं. चौथी, सामानाची मर्यादा. विमानात सोबत नेण्याच्या बॅगेला बऱ्याच कंपन्या ७ ते १० किलोंची मर्यादा घालतात. तुमच्या तिकिटावर नेमकी किती आहे ते वाचा.

रिकाम्या बॅगेचं वजन करा

हे बहुतेक जण करत नाहीत. टणक कवचाची, चाकांची छोटी बॅग रिकामीच अडीच ते साडेतीन किलोंची असते. मर्यादा ७ किलोंची असेल तर एक रुमालही ठेवण्याआधी जवळपास निम्मं वजन संपलं. ३५ ते ४० लिटरची साधी पाठीवरची सॅक साधारण एक ते दीड किलोची असते. पाठीचा त्रास असेल तर चाकं हवीतच, त्यात वाद नाही. पण मग कापडी बाजूंची हलकी बॅग पाहा. घरात आहे तीच बॅग चालणार असेल तर केवळ अर्ध्या किलोसाठी नवी घेऊ नका, तेवढं वजन कपड्यांतून कमी करता येतं.

कापड ओळखा

हलकेपणा आणि टिकाऊपणा या दोन्हींचं मूळ कापडात आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

कापडाचं वजन जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅमचं आहे. एका टी-शर्टला साधारण एक चौरस मीटर किंवा किंचित जास्त कापड लागतं. त्यामुळे १५० जीएसएमचा टी-शर्ट दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो आणि २२० जीएसएमचा सव्वादोनशेच्या पुढे जातो. चार टी-शर्टांमध्ये हा फरक पाव किलोहून जास्त होतो. प्रवासासाठी १४० ते १८० जीएसएम हा चांगला पट्टा. त्याहून पातळ कापड लवकर विरतं.

तंतूंचा फरक ओल धरण्याच्या क्षमतेत दिसतो. साधारण ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या ७ ते ८ टक्के ओल धरतो, लिनन त्याहून जास्त, लोकर १५ टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून पॉलिएस्टर लवकर वाळतं. पण घामाचा वासही तेच जास्त धरून ठेवतं, कारण त्या तंतूला पाणी नको असलं तरी त्वचेवरचं तेल हवं असतं, आणि वास निर्माण करणारे काही जिवाणू त्यावर जोमाने वाढतात. एका दिवसात तीन टी-शर्ट बदलणारे आणि एकच टी-शर्ट तीन दिवस घालणारे यांच्यातला फरक बऱ्याचदा स्वच्छतेच्या सवयीचा नसतो, कापडाचा असतो.

लोकर म्हटलं की जाड, टोचणारा स्वेटर डोळ्यांसमोर येतो. मेरिनो जातीच्या मेंढीची बारीक लोकर तशी नसते. तिचे उत्तम धागे १७ ते १९ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे असतात, माणसाच्या केसाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही बारीक अनेकदा, त्यामुळे ते त्वचेवर वाकतात, बोचत नाहीत. वास धरत नाहीत, थंडीत ऊब देतात, माफक उन्हाळ्यातही चालतात. दोष दोन: पातळ मेरिनोला भोकं लवकर पडतात आणि ते महाग असतं. आतून घालायच्या एका टी-शर्टसाठी आणि मोज्यांसाठी मला ते वाजवी वाटतं. सगळी बॅगच मेरिनोची करणं ही हौस झाली.

कापूस त्वचेला सुखावतो, पण घामाने भिजला की अंगाला चिकटतो आणि वाळायला वेळ घेतो. थंड, ओल्या हवेत ओला कापूस अंगातली ऊब खेचून घेतो, म्हणून डोंगरावर तो आतल्या थराला नको. कोरड्या उन्हाळ्यात मात्र हाच दोष गुण ठरतो. लिनन दमट उकाड्यात सगळ्यात सुखाचं. त्याला सुरकुत्या पडणारच. त्या स्वीकारता येत नसतील तर लिननच्या वाटेला जाऊ नका, कारण प्रवासात इस्त्रीच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

व्हिस्कोज बहुधा लाकडाच्या लगद्यापासून बनतं, मऊ असतं, छान झुळझुळतं, पण ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. खोलीतल्या बेसिनमध्ये वरचेवर धुऊन पिळायच्या कपड्यासाठी हा मोठाच दुर्गुण आहे. कापूस आणि लिनन उलटे, ते ओले असताना अधिक मजबूत होतात. लायोसेल हेही लाकडाच्या लगद्यापासून बनतं, पण ते व्हिस्कोजपेक्षा ओलेपणी अधिक टिकतं, आणि ते बनवताना लगदा विरघळवायला वापरलेलं द्रावक ९९ टक्क्यांहून जास्त प्रमाणात परत मिळवून पुन्हा वापरलं जातं.

डेनिमबद्दल वाद होणार हे माहीत आहे. जीन्सची एक जोडी सहाशे ते आठशे ग्रॅमची असते आणि धुतली तर वाळायला दीड-दोन दिवस घेते. ती न्यायचीच असेल तर अंगावर घालून न्या, बॅगेत दुसरी नको, आणि प्रवासात ती धुवायची नाही असं ठरवूनच न्या.

किती कपडे: अंतर अधिक एक

कागदावर काढलेला आकडा आता कामाला येतो. दोन धुण्यांमधलं अंतर जितके दिवस, त्यात एक मिळवा. तितके अंतर्वस्त्रांचे जोड. चार दिवसांचं अंतर असेल तर पाच. तो पाचवा जोड बाकीचे वाळत असताना अंगावर असतो. बाकी कपड्यांना एवढेही लागत नाहीत, कारण पँट तीन-चार वेळा सहज घालता येते आणि स्वेटर तर पूर्ण प्रवासात एकदाही धुवावा लागत नाही.

माफक हवामानासाठी, म्हणजे साधारण १२ ते २८ अंशांसाठी, अंगावरचे धरून हिशोब असा बसतो: चार टी-शर्ट किंवा टॉप, एक पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट, दोन पँट, एक हाफ पँट किंवा पायजमा जो झोपायलाही चालेल, अंतर्वस्त्रांचे पाच जोड, मोज्यांच्या तीन जोड्या, एक स्वेटर किंवा फ्लीस (लवदार कृत्रिम कापडाचं उबदार वस्त्र), एक पावसाळी जॅकेट, एक मोठी ओढणी किंवा पातळ सुती पंचा, अंगावरचे बूट आणि सोबत हलक्या सँडल.

अंगावर चढवलेलं वगळून बॅगेत काय उरलं त्याचं वजन काढू. तीन टी-शर्ट ४८० ग्रॅम, शर्ट २२०, पँट ३२०, हाफ पँट २००, अंतर्वस्त्रं २४०, मोजे १००, फ्लीस ३५०, पावसाळी जॅकेट ३००, पंचा १५०, सँडल ४००. एकूण २,७६० ग्रॅम. सव्वा किलोची सॅक धरली तर चार किलो. ७ किलोंच्या मर्यादेत अजून तीन किलो औषधं, चार्जर, साबण आणि कागदपत्रांसाठी शिल्लक आहेत. हे आकडे ढोबळ आहेत; तुमचे कपडे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून खरे आकडे लिहा. एकदा लिहून ठेवले की पुढच्या प्रत्येक प्रवासाला तीच यादी चालते. आणि काट्यावर ठेवल्यावर कोणता कपडा फुकट वजन खातोय हे लगेच कळतं. आवडता हुडी बहुधा पहिला गुन्हेगार निघतो.

पंच्याचं वजन पाहून तो काढून टाकू नका. तोच टॉवेल होतो, बसमध्ये पांघरूण, उन्हात डोक्याला आडोसा, प्रार्थनास्थळी खांद्यावर, आणि ओले कपडे गुंडाळून पाणी काढायलाही तोच.

मासिक पाळीच्या दिवसांत कप किंवा धुऊन वापरण्याच्या चड्ड्या वापरण्याची सवय असेल तर सामान आणि कचरा दोन्ही कमी होतात. पण प्रवासात पहिल्यांदा प्रयोग करू नका. घरी दोन-तीन महिने वापरून सवय झाली असेल तरच.

रंग आणि जुळणी

कमी पण एकमेकांशी जुळणारे कपडे ठेवण्याची ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ ही कल्पना लंडनच्या सूझी फॉ यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केली; १९८५ मध्ये डिझायनर डॉना कॅरन यांनी सात कपड्यांवर बेतलेला संग्रह आणला आणि ती आणखी पसरली. प्रवासात तिचा अर्थ एवढाच: वरचा प्रत्येक कपडा खालच्या प्रत्येक कपड्याबरोबर चालला पाहिजे. पलंगावर सगळे मांडा आणि जोड्या लावून बघा. वरचे पाच आणि खालचे दोन म्हणजे दहा जोड्या. एखादा टॉप एकाच पँटवर शोभत असेल तर तो कितीही आवडता असो, परत कपाटात.

पँट गडद आणि साध्या, वरच्या कपड्यांत दोन साधे आणि दोन-तीन नक्षीचे किंवा चौकड्यांचे, असं ठेवलं तर डाग आणि सुरकुत्या दोन्ही लपतात. पांढरा टी-शर्ट न्यावासा वाटतो, पण तो तिसऱ्या दिवशी पिवळट दिसतो. शिवाय पातळ पांढरा सुती टी-शर्ट उन्हापासून फारसा वाचवतही नाही. त्याचा यूपीएफ, म्हणजे कापडाची ऊन अडवण्याची क्षमता, साधारण ५ ते ७ असते आणि भिजल्यावर आणखी घटते. कडक उन्हाच्या ठिकाणी दाट विणीचा, गडद, सैल, पूर्ण बाह्यांचा शर्ट अधिक उपयोगी.

थंडीसाठी थर

एक जाड कोट नेण्यापेक्षा तीन पातळ थर हलके पडतात. ऊब कापडात नसते, थरांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेत असते. आत अंगाला लागून ओल बाहेर नेणारा थर, मधे हवा धरणारा, बाहेर वारा-पाऊस अडवणारा. पावसाळी जॅकेट इथेच दुसऱ्यांदा उपयोगी पडतं. यादीतले टी-शर्ट, फ्लीस आणि ते जॅकेट यांवर ५ अंशांपर्यंत चालता-फिरता निभावतं. त्याखाली तापमान जात असेल तर एक पातळ थर्मल जोड, टोपी आणि हातमोजे वाढवा. या तिन्हींचं मिळून अर्धा किलोही होत नाही.

पिसं भरलेलं जॅकेट वजनाच्या मानाने सगळ्यात उबदार, पण पिसं भिजली की एकमेकांना चिकटतात, हवा धरत नाहीत आणि जॅकेट गार पडतं. ओल्या थंडीत कृत्रिम भरणाचं जॅकेट बरं. बर्फातले जड बूट आणि कोट एका आठवड्यासाठी विकत घेऊ नका. बर्फाच्या बऱ्याच ठिकाणी ते भाड्याने मिळतात, नाहीतर मित्रमंडळीत विचारा. असा कोट अकरा महिने कोणाच्या तरी कपाटात पडूनच असतो.

पादत्राणं

जास्तीत जास्त दोन जोड. जड जोड पायात, हलका बॅगेत. धावायचे बूट पाचशे-सहाशे ग्रॅमचे असतात, चामड्याचे उंच बूट किलोच्या पुढे. तिसरा जोड जवळजवळ नेहमीच एका संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी घेतला जातो. त्याऐवजी गडद, साध्या ठेवणीचे बूट निवडा, ते दोन्हीकडे खपतात. नवे बूट घालून निघू नका; आधी निदान दोन आठवडे रोजच्या वापरात आणा. लांबच्या विमानप्रवासात पाय सुजतात, त्यामुळे नाडी सैल करता येईल असेच घाला.

घरीच रंगीत तालीम

निघण्याच्या आठवडाभर आधी दोन चाचण्या करा. पहिली, यादीतला एक टी-शर्ट, एक मोजा आणि एक पँट रात्री हाताने धुऊन खोलीत वाळत घाला. सकाळी काय ओलं आहे ते पाहा. पँट वाळलेली नसेल तर ती एका रात्रीच्या मुक्कामात धुण्यालायक नाही. या एका चाचणीतून जे कळतं ते कापडावरच्या कोणत्याही चिठ्ठीवरून कळत नाही. दुसरी, भरलेली बॅग घेऊन तासभर चाला, दोन जिने चढा. बॅग जड वाटली तर आत्ताच काढा. प्रवासात काढलेली वस्तू कचऱ्यात जाते.

काही जण जुने कपडे नेऊन वाटेत एकेक टाकून देतात आणि त्याला हलकं फिरणं म्हणतात. मला ते पटत नाही. तो कचरा फक्त दुसऱ्याच्या गावी सोडलेला असतो.

प्रवासात धुणं

सगळी पद्धत या एका कामावर उभी आहे, म्हणून ते नीट जमायला हवं.

खोलीवर पोहोचल्याबरोबर धुवा. झोपण्याआधी धुतलं तर वाळायचे चार-पाच तास वाया जातात. बेसिनला बूच नसतं हे गृहीत धरा. रबराची चपटी गोल चकती सोबत ठेवा किंवा जाड प्लास्टिकची बंद होणारी पिशवीच घंगाळासारखी वापरा. कोमट पाणी, एका कपड्याला अर्धा चमचाही नको इतका साबण. जास्त साबण म्हणजे जास्त खळबळणं आणि जास्त पाणी. वडीचा साबण नेला तर विमानातल्या द्रवपदार्थांच्या १०० मिलिलिटरच्या नियमात अडकत नाही आणि सांडतही नाही.

पंधरा-वीस मिनिटं भिजू द्या. मग फक्त कॉलर, काखा, मोज्यांचे तळवे चोळा. बाकीच्या कापडाला चोळण्याची गरज नसते. दोनदा स्वच्छ पाण्यात खळबळा. लोकर आणि रेशीम यांना एन्झाइम असलेली डिटर्जंट पावडर लावू नका. प्रथिनांचे डाग तोडणारे ते एन्झाइम त्या तंतूंनाही सोडत नाहीत, कारण तेही प्रथिनंच आहेत. कापड मऊ करणारं द्रावण कोणत्याच कपड्याला नको, ते तंतूंवर थर चढवतं आणि मग घाम शोषला जात नाही.

आता पाणी काढणं. पिळायचं नाही, दाबायचं. मग कोरड्या टॉवेलवर किंवा पंच्यावर कपडा पसरा, दोन्हींची मिळून घट्ट वळकटी करा आणि तिच्यावर गुडघा टेकून जोर द्या. टॉवेल बरंचसं पाणी ओढून घेतो. एवढ्या एका कृतीने वाळण्याचे कित्येक तास वाचतात.

बंद न्हाणीघरात वाळत घालू नका, तिथे हवा आधीच ओली असते. खिडकीजवळ किंवा पंख्याखाली, दोन कपड्यांत बोटभर अंतर ठेवून. पँटचे खिसे उलटे करा, कंबरपट्टा वर ठेवा. शिवणी आणि खिसेच सगळ्यात शेवटी वाळतात. पीळ घातलेली लवचीक दोरी मिळते, तिच्या पिळांत कपड्याचं टोक अडकवता येतं आणि चिमटे लागत नाहीत. स्वेटर धुवावाच लागला तर टांगू नका, आडवा पसरा, नाहीतर लोंबतो. सकाळी किंचित ओलसर राहिलेला पॉलिएस्टरचा टी-शर्ट अंगावर अर्ध्या तासात वाळतो. ओलसर सुती कपडा मात्र बॅगेत कोंबू नका, कुबट वास येतो. नाइलाज असेल तर वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पोहोचताच बाहेर काढा.

आणि प्रत्येक कपडा प्रत्येक वेळी धुवावाच लागतो असं नाही. दिवसभर घातलेला शर्ट उलटा करून रात्रभर वाऱ्यावर टांगला तर तो बहुधा आणखी एक दिवस देतो.

कपडे धुण्याचं यंत्र मिळालं तर ते पूर्ण भरेल इतके कपडे साठवा किंवा सोबत्याचेही घाला. थंड पाणी, छोटं चक्र. गरम पाण्याला ऊर्जा लागते, आणि अर्धवट भरलेल्या यंत्रात कपडे जास्त घासले जाऊन जास्त तंतू सुटतात. हे सुटणारे तंतू क्षुल्लक नाहीत: निसर्ग संवर्धनाच्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१७ च्या अहवालातल्या अंदाजानुसार समुद्रात जाणाऱ्या प्राथमिक मायक्रोप्लास्टिकपैकी (म्हणजे बारीक कणांच्याच रूपात निसर्गात सुटणाऱ्या प्लास्टिकपैकी) सुमारे ३५ टक्के कृत्रिम कपडे धुण्यातून येतं. गरम हवेने वाळवणारं यंत्र टाळा. लोकर आटते आणि इलॅस्टेनची, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या धाग्याची, लवचीकता जाते.

मोकळ्या रानात मुक्काम असेल तर नदीत किंवा तळ्यात साबण वापरायचा नाही, ‘विघटनशील’ लिहिलेला असला तरी. त्या साबणाचं विघटन व्हायला माती लागते. पाणी भांड्यात घेऊन काठापासून साठ-सत्तर मीटर दूर जा आणि ते मातीत ओता.

भरताना

टी-शर्ट आणि अंतर्वस्त्रं गुंडाळून, शर्ट आणि पँट सपाट घडी घालून. सॅकमध्ये जड वस्तू पाठीला लागून मध्यावर. चाकांच्या बॅगेत चाकांच्या बाजूला. मोजे बुटांच्या पोकळीत. कापडी पाकिटं दोन पुरेत, एक स्वच्छ कपड्यांचं आणि एक वापरलेल्यांचं. दाबून हवा काढणारी पाकिटं जागा वाचवतात, वजन नाही; आणि मोकळी झालेली जागा पाहून माणूस आणखी दोन कपडे घालतो. निघताना जॅकेट आणि फ्लीस अंगावर किंवा हातात घेतले की बॅगेतले साडेसहाशे ग्रॅम तिथेच कमी होतात.

सुई, दोन रंगांचा दोरा, दोन बटणं, तीन सेफ्टी पिना. वीस ग्रॅमही नाहीत. उसवलेली शिवण त्याच रात्री दोन टाके घालून थांबवली नाही तर आठवड्यात कपडा निकालात निघतो.

घ्यावंच लागलं तर

आधी उसनं, मग भाड्याने, मग वापरलेलं, आणि शेवटी नवं. नवं घेताना कापडाच्या मिश्रणाची चिठ्ठी वाचा, जाहिरात नको. ‘बांबू’ म्हणून विकलं जाणारं मऊ कापड बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून केलेलं व्हिस्कोजच असतं; अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ पासून अशा लेबलांवर वेळोवेळी कारवाई केली आहे. प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनवलेलं पॉलिएस्टर नव्या पॉलिएस्टरपेक्षा कमी ऊर्जा खातं हे खरं, पण तंतू तेही सोडतं. ते टी-शर्टपेक्षा क्वचित धुतल्या जाणाऱ्या जॅकेटमध्ये असलेलं बरं.

कपड्यांवरच्या प्रमाणपत्रांच्या चिन्हांपैकी गॉट्स हे सेंद्रिय धाग्यांबद्दल आहे: ‘सेंद्रिय’ म्हणायला निदान ९५ टक्के, ‘सेंद्रिय धाग्यांसह’ म्हणायला निदान ७० टक्के. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० हे १९९२ पासूनचं चिन्ह तयार कपड्यात घातक रसायनं आहेत का एवढंच तपासतं. ते कारखाना किंवा शेतीबद्दल काही सांगत नाही, तरी दुकानात दोन्ही एकाच अर्थाने दाखवली जातात. पावसाळी जॅकेटवर ‘पीएफएएस-मुक्त’ लिहिलेलं आहे का पाहा; पीएफएएस हा पाणी आणि तेल झटकणाऱ्या, फ्लोरिनयुक्त रसायनांचा गट आहे. पाणी झटकणाऱ्या जुन्या लेपांशी जोडलेली या गटातली पीएफओएस आणि पीएफओए ही रसायनं अनुक्रमे २००९ आणि २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे निसर्गात दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आली, कारण ती निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत.

परत आल्यावर

बॅग रिकामी करताना यादी हातात घ्या. जे एकदाही अंगावर चढलं नाही त्यावर काट मारा. पावसाळी जॅकेट आणि औषधं याला अपवाद. ज्याची उणीव भासली ते लिहा. जॅकेटवर पाणी आता थेंबांऐवजी पसरत असेल तर ते धुऊन, त्याच्या चिठ्ठीवर परवानगी असेल तर मंद उष्णता द्या, लेप बऱ्याच अंशी पुन्हा काम करू लागतो. बुटांचे आतले तळ काढून सावलीत वाळवा, पिसांचं जॅकेट दाबून न ठेवता टांगून ठेवा, आणि वजनांची यादी बॅगेच्या आतल्या कप्प्यातच राहू द्या.